रुग्णाचे शब्द आणि वैद्यकाचा अभ्यासक्रम

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णाजवळ प्रथम उभे करताना जे नियम शिकवले जातात, त्यांपैकी एक फार जुना आहे. रुग्णाचा मुख्य त्रास कोणता, हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावे, असा तो नियम होय. मराठी मुलखातील कोणत्याही शिक्षण-रुग्णालयात हा नियम पाळला जात असताना पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. रुग्ण मराठीत बोलतो. विद्यार्थी तेच बोलणे इंग्रजीत उतरवतो. आणि जो मजकूर कागदावर येतो तो ‘रुग्णाच्या शब्दांतला’ म्हणून अध्यापकापुढे वाचला जातो. रुग्णाने त्यांतला एकही शब्द उच्चारलेला नसतो. नियमाचा भंग झाला असे मात्र कोणालाच वाटत नाही.

ही विसंगती केवळ औपचारिक असती, तर तिच्यावर कागद खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु ऐकणे आणि लिहिणे यांच्यामध्ये एक भाषांतर घडत असते. ते घाईत होते, न शिकता केले जाते, आणि झाले आहे याचीही नोंद कोठे राहत नाही. या भाषांतराचे वैद्यकीय शिक्षणात स्थान काय, त्याविषयी संशोधनाने काय दाखवून दिले आहे, आणि मराठीपुरता विचार करता त्यात कोणते प्रश्न उभे राहतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. रुग्णेतिहासाचे मोल

रुग्णाला प्रश्न विचारून त्याच्या आजाराची जी हकीकत मिळवली जाते, तिला वैद्यकीय मराठीत रुग्णेतिहास म्हणतात. उपकरणे आणि प्रयोगशाळा यांची वाढ झाल्यावर या हकीकतीचे महत्त्व उरले आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शोधण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न नॉटिंगहॅम येथील हॅम्प्टन व त्यांचे सहकारी यांनी केला आणि १९७५ साली तो प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांच्या बाबतीत वैद्यांनी प्रथम पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकून आपले निदान नोंदवले. नंतर शरीरतपासणी झाल्यावर, आणि शेवटी चाचण्या झाल्यावर ते पुन्हा नोंदवले. अखेरच्या निदानाशी ८० पैकी ६६ रुग्णांत हकीकतीनंतरचेच निदान जुळले. शरीरतपासणीमुळे ७ रुग्णांत आणि चाचण्यांमुळे आणखी ७ रुग्णांत निदान बदलले. १९९२ साली अमेरिकेत पीटरसन आदींनी अशाच ८० रुग्णांचा अभ्यास केला. त्यात ६१ रुग्णांचे निदान हकीकतीवरून झाले होते.

दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतील रुग्ण विशिष्ट प्रकारच्या बाह्यरुग्ण विभागांतले आहेत. म्हणून त्यांच्यावरून सर्व देशांसाठी आणि सर्व रोगांसाठी सिद्धांत मांडता येणार नाही. तरी एवढे निश्चित म्हणता येते की, बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत निदानाचा पाया संभाषणात घातला जातो. संभाषण भाषेतून होते. म्हणजे वैद्याला जी सामग्री सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक उपयोगी पडते, ती भाषिक सामग्री होय. असे असूनही भाषा हा विषय वैद्यकाच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ आला तो केवळ माध्यमाचा वाद म्हणून. याचे कारण इतिहासात सापडते.

२. दोन प्रश्नांची सरमिसळ

कलकत्त्यास १८२२ साली जी देशी वैद्यकीय संस्था निघाली, तिच्यात शिक्षण देशी भाषांतून दिले जाई. १८३५ साली ती बंद करण्यात आली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकवणारे कलकत्ता मेडिकल कॉलेज आले. मुंबईत १८२६ साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर १८४५ साली, गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ, ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. त्याचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड होते, आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. तेथेही मुख्य शिक्षण इंग्रजीतूनच होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या कॉलेजास मराठी व गुजराती वर्ग जोडण्यात आले, परंतु ते दुय्यम दर्जाचे रुग्णालय-सहायक तयार करण्यासाठी होते. १८७८ साली पुण्यात निघालेली बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा याच दुसऱ्या परंपरेतील. गोव्यात १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय-शस्त्रक्रिया विद्यालयात शिक्षण पोर्तुगीजमधून दिले जाई, आणि दारात येणारा रुग्ण बहुधा कोंकणी बोलत असे.

या इतिहासामुळे एक समज दृढ झाला. उच्च वैद्यकीय शिक्षण म्हणजे परकीय भाषेतील शिक्षण, आणि देशी भाषेतील शिक्षण म्हणजे कनिष्ठ शिक्षण, असा तो समज. भोर समितीने १९४६ सालच्या अहवालात वैद्यांचा एकच पायाभूत दर्जा असावा अशी शिफारस केली. पुढे दुय्यम अभ्यासक्रम मागे पडत गेले आणि देशी भाषेतून वैद्यक शिकवण्याची जी थोडी वहिवाट होती तीही त्यांच्याबरोबर सरली. त्यानंतर भाषेचा प्रश्न जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तो ‘कोणत्या भाषेतून शिकवावे’ या स्वरूपात निघाला. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, तेव्हाची चर्चाही याच स्वरूपाची होती.

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु ‘कोणत्या भाषेतून शिकवावे’ आणि ‘कोणत्या भाषेत ऐकावे’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याविषयी मतभेद होऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर रुग्णाने देऊन ठेवलेले असते. इंग्रजीतून शिकलेल्या वैद्यालाही मराठीत ऐकावेच लागते. उलटपक्षी, सर्व पाठ्यपुस्तके मराठीत आली तरी ‘उच्चरक्तदाब’ हा शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘घाबरंघुबरं होतंय’ याचा अर्थ आपोआप कळणार नाही. पाठ्यपुस्तकाची मराठी ही शास्त्राची भाषा असेल. रुग्णाची मराठी निराळीच राहील.

३. संभाषणाचा अभ्यास

वैद्य आणि रुग्ण यांच्या संभाषणाचा पद्धतशीर अभ्यास ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावर वाढीस लागला. इंग्लंडमध्ये बर्न आणि लाँग यांनी सुमारे २५०० भेटींच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण करून १९७६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याची बोलण्याची धाटणी बरीचशी ठरून गेलेली असते आणि रुग्ण बदलला तरी ती फारशी बदलत नाही, असे त्यांना दिसले.

अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली ७४ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाला आपले आरंभीचे सांगणे पुरे करू देण्यात आले अशा भेटी केवळ २३ टक्के होत्या. उरलेल्यांत वैद्याने सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचे बोलणे दुसरीकडे वळवले होते. पंधरा वर्षांनी, १९९९ साली, मार्व्हेल आदींनी २६४ भेटी तपासल्या, तेव्हा हा अवधी सुमारे २३ सेकंदांचा आढळला. ज्यांना पुरे बोलू दिले त्यांनी, थांबवलेल्या रुग्णांपेक्षा, सरासरी ६ सेकंदच अधिक घेतले होते. स्वित्झर्लंडमध्ये लांगेवित्स आदींनी २००२ साली ३३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वैद्यांनी मध्ये न बोलता ऐकावे असे ठरले होते. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले, आणि ७८ टक्के रुग्णांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले.

हे आकडे इकडच्या बाह्यरुग्ण विभागांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. सदुसष्ट देशांतील माहितीचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक भेटीचा अवधी बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे असा आढळला. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. जेथे सगळी भेटच दोन मिनिटांची, तेथे रुग्णाला दोन मिनिटे बोलू द्यावे असा उपदेश करणे सोपे आणि पाळणे अवघड. तथापि, यावरून भाषेचा विचार अनावश्यक ठरतो असे नाही. वेळ थोडा असेल तर प्रत्येक प्रश्नाचे वजन वाढते, आणि एक चुकीचा प्रश्न दुरुस्त करण्यास दुसरा प्रश्न विचारण्याची सवड राहत नाही.

प्रश्नाच्या केवळ एका शब्दाने किती फरक पडतो, हे हेरिटेज आदींच्या २००७ सालच्या अभ्यासाने दाखवले. वीस वैद्य आणि २२४ रुग्ण त्यात होते. आरंभीचा त्रास सांगून झाल्यावर काही वैद्यांनी ‘समथिंग’ हा शब्द घालून, तर काहींनी ‘एनीथिंग’ हा शब्द घालून, आणखी बोलायचे आहे काय असे विचारले. इंग्रजीत पहिला शब्द होकाराकडे झुकतो आणि दुसरा नकाराकडे. पहिल्या शब्दामुळे, रुग्णाच्या मनात असूनही न बोलले गेलेले विषय ७८ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या शब्दाने, काहीच न विचारण्याच्या मानाने, लक्षणीय फरक पडला नाही. भेटीचा अवधीही वाढला नाही. व्याकरणातील एका सूक्ष्म भेदाचा रुग्णाच्या हिताशी इतका प्रत्यक्ष संबंध क्वचितच दाखवला गेला असेल.

४. हे शिकवता येते काय?

रुग्णाशी बोलणे ही उपजत देणगी आहे, ती शिकवून येत नाही, असे पूर्वी मानले जाई. मँचेस्टर येथे मॅग्वायर आणि रटर यांनी १९७६ साली दाखवून दिले की, पदवीच्या जवळ आलेल्या विद्यार्थ्यांच्याही रुग्णेतिहासात मोठ्या उणिवा राहतात. ते रुग्णाचे खाजगी प्रश्न टाळतात, संदिग्ध शब्द उलगडून घेत नाहीत, रुग्णाने दिलेल्या सूचना त्यांच्या ध्यानी येत नाहीत. पुढे मॅग्वायर आदींनी विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटास नेहमीचे शिक्षण दिले. इतरांना स्वतःच्या मुलाखतींविषयी अभिप्राय मिळाला. त्यांतल्या काहींना ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण दाखवून तो देण्यात आला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अभिप्राय मिळालेले विद्यार्थी पुढे गेले. हेच विद्यार्थी काही वर्षांनी वैद्य झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी झाली. तिचा वृत्तांत १९८६ साली आला, आणि तो लाभ टिकून राहिल्याचे दिसले.

अशा शिक्षणास लागणारी साधनेही याच सुमारास तयार झाली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जाशास्त्रज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली निरोगी व्यक्तीस रुग्णाची भूमिका शिकवून तिच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली ठाण्या-ठाण्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तिच्यात प्रत्येक विद्यार्थी ठराविक वेळ एकेका ठाण्यावर थांबतो, सर्वांना सारखेच काम असते, आणि गुण देण्याची यादी आधी ठरलेली असते. या पद्धतीमुळे संभाषण हे मोजण्याजोगे आणि म्हणून अभ्यासक्रमात घालण्याजोगे झाले. परीक्षेत जे येत नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत, हा अनुभव सर्व शाखांत सारखाच आहे.

५. मराठी रुग्णाची भाषा

वरील सर्व संशोधन प्रामुख्याने अशा ठिकाणचे आहे, जेथे रुग्ण आणि वैद्य एकच भाषा बोलतात. मराठीच्या बाबतीत त्यात भाषांतराची भर पडते. या भाषांतरात काय हरवते, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

‘पित्त’ हा शब्द घ्यावा. ‘पित्त झालंय’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला छातीत जळजळ आणि आंबट ढेकर अभिप्रेत असू शकतात. दुसऱ्या रुग्णाला त्याच शब्दाने अर्धे डोके दुखून उलटी होते तो आजार सांगायचा असतो. तिसऱ्याच्या अंगावर पित्त उठलेले असते, म्हणजे कातडीवर खाजरी गांदी आलेली असतात. विद्यार्थ्याने पहिलाच अर्थ धरून कागदावर ‘ॲसिडिटी’ असे लिहिले, की पुढच्या वाचकाला मूळ शब्द काय होता हे कळण्याचा मार्ग बंद होतो. ‘चक्कर’ या शब्दाचेही तसेच आहे. भोवतालचे फिरल्यासारखे वाटणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना तोल जाणे, आणि शुद्ध हरपून पडणे या चारही गोष्टींना हा एकच शब्द लावला जातो. त्यांची कारणे कानात, रक्तदाबात, मज्जासंस्थेत किंवा हृदयाच्या गतीत असू शकतात. ‘चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?’ हा एक प्रश्न येथे एखाद्या चाचणीइतका मोलाचा आहे.

कधी शब्द सारखे दिसतात आणि अर्थ दूर असतात. ‘दमायला होतं’ म्हणजे थकवा. ‘दम लागतो’ म्हणजे श्वास अपुरा पडणे. आणि ‘दमा’ हे रोगाचे नाव. मराठी नव्याने शिकलेल्या विद्यार्थ्यास हे तीन धागे एकच वाटण्याचा संभव मोठा असतो. ‘अंगावरून जातं’ या शब्दांनी स्त्री योनिमार्गातील स्राव सांगते, आणि तो पांढरा की लाल हे विचारून घ्यावे लागते. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे मात्र पक्षाघात. अर्धे वाक्य ऐकून थांबणाऱ्यास या दोहोंतला भेद कळणार नाही. मासिक पाळीसाठी ‘बाहेरची होणं’ किंवा ‘कावळा शिवणं’ असे आडवळणाचे शब्द जुन्या पिढीत रूढ होते. गर्भ राहण्यास ‘दिवस जाणं’ म्हणतात. हे शब्द कोशात सापडतात, परंतु लाजेमुळे रुग्णाने ते हळू उच्चारले आणि विद्यार्थ्याला ते ओळखीचे नसले, तर त्याच्यापुरते ते बोललेच गेलेले नसतात.

दुखण्याच्या जातीच्या बाबतीत मराठी समृद्ध आहे. ठणकणे, सलणे, टोचणे, कळ येणे, चमक निघणे, मुरडा येणे, आग होणे, तिडीक उठणे या प्रत्येक शब्दात दुखण्याची वेळ, लय आणि जागा यांविषयी काही सूचना असते. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा राहून राहून लागतो. कळ येते आणि ओसरते. सल स्थिर असतो. निदानशास्त्रात याच गोष्टी विचाराव्या लागतात. रुग्ण त्या न विचारता सांगून जातो, आणि कागदावर या आठही शब्दांच्या जागी एकच इंग्रजी शब्द ‘पेन’ येतो.

काळाविषयीही काळजी घ्यावी लागते. मराठीत ‘परवा’ हा शब्द कालच्या आधीच्या दिवसाला जसा लागतो, तसाच उद्यानंतरच्या दिवसालाही. शिवाय बोलण्यात तो ‘अलीकडे केव्हा तरी’ अशा सैल अर्थानेही येतो. ‘परवापासून ताप येतो’ हे दोन दिवसांचे दुखणे असेल, किंवा दहा दिवसांचेही. खेड्यातील रुग्ण आजाराची सुरुवात पुष्कळदा पोळा, दिवाळी किंवा बाजाराचा दिवस यांच्या आधाराने सांगतो. हे गणित बरेच पक्के असते. मात्र विद्यार्थ्याला त्या वर्षीचा पोळा केव्हा होता हे ठाऊक असावे लागते.

प्रश्नांच्या रचनेचा विचार आणखी महत्त्वाचा आहे. ‘ताप नाही ना?’ या प्रश्नातील ‘नाही ना’ हे रूप नकाराची अपेक्षा व्यक्त करते, आणि ती अपेक्षा पुरी करणे हे मराठी बोलण्यातील सौजन्यात मोडते. ‘दुखत नाही ना?’ याला रुग्णाने ‘हो’ म्हटले, तर ते दुखण्याला ‘हो’ की न दुखण्याला ‘हो’, हे स्वरावरूनच ठरवावे लागते. उलट ‘काय होतंय?’ या प्रश्नात कर्ता नाही, अवयव नाही, रोगाचे नाव नाही. रुग्ण वाटेल तेथून सुरुवात करू शकतो. इंग्रजीतील शब्दावरून बेतलेला ‘तुमची तक्रार काय?’ हा प्रश्न मात्र मराठीत गाऱ्हाण्याचा भास उत्पन्न करतो.

हेरिटेज यांच्या प्रयोगाशी समांतर असा एक भेदही मराठीत आढळतो. ‘आणखी काही नाही ना?’, ‘आणखी काही आहे का?’ आणि ‘आणखी काय काय होतं?’ हे तीन प्रश्न एकाच हेतूने विचारले जातात. तिसऱ्यातील द्विरुक्त प्रश्नार्थक रूप एकाहून अधिक गोष्टी असल्याचे गृहीत धरते आणि यादीची अपेक्षा करते. मराठी रुग्णांच्या बाबतीत या तीन रूपांनी उत्तरांत किती फरक पडतो, हा सहज हाती घेता येण्याजोगा संशोधनविषय आहे. त्याला महागडी साधने लागत नाहीत. एक बाह्यरुग्ण विभाग, रुग्णांची संमती, ध्वनिमुद्रण, आणि वैद्यक व भाषाशास्त्र या दोन विभागांचे सहकार्य एवढे पुरे आहे.

संबोधनाचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतली निवड मराठीत टाळता येत नाही. वयस्क रुग्णास ‘आजी, तुम्हांला कधीपासून त्रास होतो?’ असे विचारणारा विद्यार्थी आणि ‘ए आजी, तुला काय होतं?’ असे विचारणारा विद्यार्थी यांना मिळणारी हकीकत सारखी असेल, असे मानण्याचे कारण नाही. मुलाखतीच्या इंग्रजी आदर्शांत या निवडीचा विचार नाही, कारण त्या भाषेत मध्यमपुरुषी सर्वनाम एकच आहे.

६. भारतीय अभ्यासक्रमातील बदल

भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, आणि २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून तो लागू झाला. पदवीधर वैद्याच्या ज्या पाच भूमिका त्यात सांगितल्या, त्यांपैकी संवादक ही एक होती. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र पाठ्यभाग सर्व वर्षांसाठी आखण्यात आला. आरंभीच्या पायाभूत वर्गाचे १७५ तास ठरवण्यात आले आणि त्यांपैकी ४० तास भाषा व संगणक यांच्या कौशल्यांना देण्यात आले; त्यात स्थानिक भाषेचा अंतर्भाव होता. परिषदेची जागा सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली, आणि अभ्यासक्रमाची मार्गदर्शिका सुधारून २०२४ साली पुन्हा प्रसिद्ध झाली.

स्थानिक भाषेस प्रथमच अधिकृत स्थान मिळाले, ही गोष्ट स्वागतार्ह होय. अखिल भारतीय कोट्यातून परप्रांतीचे विद्यार्थी मराठी मुलखात येतात आणि येथले बाहेर जातात; त्यांना अशा शिक्षणाची निकड उघड आहे. परंतु पहिल्या महिन्यातील काही तासांत वर्णमाला आणि ‘तुमचं नाव काय?’ एवढेच होऊ शकते. तेव्हा विद्यार्थी रुग्णाजवळ गेलेलाही नसतो. तो वॉर्डात जातो तेव्हा भाषेचा वर्ग संपलेला असतो. म्हणजे भाषा शिकण्याची वेळ आणि तिची गरज पडण्याची वेळ यांची गाठ पडत नाही.

आणखी एक समज तपासून पाहण्यासारखा आहे. हे शिक्षण केवळ परप्रांतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, मराठीभाषक विद्यार्थ्यास त्याची जरुरी नाही, असे मानले जाते. शहरात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला वर दिलेल्या शब्दांपैकी किती ठाऊक असतील? वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या रुग्णापुढे पुण्याचा विद्यार्थीही अंशतः परकाच असतो. त्याच्या अडचणीत एक विशेष आहे. भाषा येत नाही हे ज्याला माहीत असते तो दुभाषी शोधतो, शब्द पुन्हा विचारतो. भाषा येते असे ज्याला वाटते तो विचारत नाही.

या दृष्टीने सेवाग्रामचा प्रयोग लक्षणीय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर खेड्यात भरवण्याची प्रथा आहे. विद्यार्थी गावात राहतात आणि ठराविक कुटुंबांची माहिती घेतात. रोगाचे ज्ञान होण्यापूर्वीच त्यांना माणसांचे बोलणे कानी पडते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पुढे देशभर लागू केलेला कुटुंब-दत्तक कार्यक्रम याच दिशेचा आहे. अशा भेटींत विद्यार्थी रक्तदाब आणि वजन टिपतात; त्याच वहीत कुटुंबातील माणसांनी आजारासाठी वापरलेले शब्दही टिपले गेले, तर चार वर्षांत प्रत्येक महाविद्यालयाजवळ आपापल्या भागाचा एक छोटा रोगशब्दसंग्रह तयार होईल.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, रुग्णाच्या भाषेचे शिक्षण हे रुग्णाशय्येजवळील शिक्षणाबरोबर, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून पुढे, चालावयास हवे. प्रवेशाच्या महिन्यात ते आटोपता येणार नाही. दुसरी अशी की, ठाण्यांच्या परीक्षेत निदान एक ठाणे असे असावे, की जेथे भूमिका करणारी व्यक्ती त्या भागातील बोलीत त्रास सांगेल आणि संदिग्ध शब्द उलगडून घेण्यास गुण असतील. तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. केस-पेपरावर इंग्रजी वाक्याच्या आधी रुग्णाचा मूळ शब्द देवनागरीत लिहावा. ‘चक्कर’, ‘पित्त’, ‘कळ’ एवढे लिहिण्यास दोन सेकंद लागतात. त्यापुढे इंग्रजी भाषांतर खुशाल यावे. भाषांतर चुकले असले, तर मूळ शब्द पाहून दुसऱ्या वैद्यास ते दुरुस्त करता येते. आज तशी सोय नाही, कारण मूळच शिल्लक राहत नाही.

भाषाशास्त्रात बोलीची नोंद करणाऱ्याने ऐकलेले रूप आधी उतरवावे आणि अर्थ नंतर द्यावा, असा दंडक आहे. वैद्यकाचा जुना नियमही हेच सांगत होता. तो अक्षरशः पाळला गेला, तर बाह्यरुग्ण विभागातील बाकावर सकाळपासून बसलेल्या म्हातारीने जे सांगितले, ते निदान तिच्या कागदावर तरी तिच्या शब्दांत राहील.